वरच्या स्लॅबचं पाणी

२६ एप्रिल २००४
घनसावंगीचं मुलींचं हॉस्टेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरात अख्खी इमारत उभी केली, बीम-कॉलमसकट. काँक्रीट पक्कं व्हायला कुठल्या भागाला किती दिवस, किती पाणी मारायचं, सगळं आपोआप निघतं. शेठ, आमचे कंत्राटदार, मागे उभे. "टँकर निम्मे होतील?" म्हटलं, होतील. वाचलेले टँकर शेजारच्या वस्तीच्या हौदात ओतायचे, हेही कबूल करून घेतलं. दिवसभर हवेत होतो.

४ मे
काल वरचा स्लॅब भरला. किसनमामा, शहागडचे जुने मिस्त्री, सवयीनं स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवायला निघाले. थांबवलं. फक्त ओली पोती, दिवसातून दोनदा. कॉम्प्युटरचा कागद दिला हातात. वस्तीत पहिला टँकर गेला. बायका कळश्या घेऊन पळत आल्या. बरं वाटलं.

७ मे
मामांचा फोन, एसटीडीवरून. "साहेब, वर वारं लई हाय. दुपारीच पोती कडक होऊन राह्यली. तिसऱ्यांदा पाणी मारू का?"
"मामा, कॉम्प्युटरात दोनदा आहे. दोनदाच."
"बराबर. तुमी म्हणताल तसं."
फोन ठेवला आणि चरकलो. ऊन-वारा त्यात घातलाच नाही मी. खालच्या नि वरच्या स्लॅबला एकच आकडा. उद्या कळवू.

११ मे
राहिलंच. मेहुणीचं लग्न, आष्टी. आता काय फरक पडतो...

२ जून
स्लॅबवर पाणी भरून तपासलं. खाली ओल. केसाएवढ्या भेगा, पण सगळीकडे. शेठ भडकले, "पाणी गेलं कुठं?" मामांची लेक त्याच वस्तीत दिलेली. कुणीतरी ते शेठच्या कानात सांगितलं. मंग काय. "वाचलेले द्या म्हटलं, तर स्लॅबचेही टँकर लेकीच्या दारात रिकामे करता?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून भेगा बघायला लागलो. मुद्दाम. मामा थापी-ओळंबा पिशवीत घालून निघाले.

३ जून
बायकोला सांगितलं. "तोंड शिवलं होतं का तुमचं?"
नोकरी जाईल म्हणून भ्यालो. दुसरं कारण नाही. लाज वाटते लिहायला.

२० जून
शहागड. मामा एका ढाब्याचा संडास बांधत होते. ज्यांनी शाळा बांधल्या ते. मला बघून हात धुतले, चहा सांगितला. मी माफी मागितली. मामांनी चहा बशीत ओतला. मंग म्हणाले, "कामाचं सोडा साहेब, काम मिळतंय. पण लेकीला बाया बोलून राह्यल्या. म्हणं तुझ्या बापानं चोरलेलं पाणी पाजलं आमाला. तेवढं वस्तीत येऊन सांगता का? शेठला न्हाई सांगितलं तरी चालंल."
हो म्हटलं.

२५ जून
परतूरच्या नव्या कामासाठी शेठला पुन्हा तसंच पाहिजे. आता ऊन-वारा घातला. वरच्या स्लॅबला उत्तर आलं तीन वेळा. मामांनी पोत्याला नुसता हात लावून सांगितलं होतं ते. शेठ खूश, "तुझं गणित तेव्हाही बरोबरच होतं रे. माणूस खराब निघाला." खरं काय ते तोंडाशी आलं होतं. चहा आला, विषय बदलला. मी बदलू दिला.

२८ जून
वस्तीत गेलो. पाऊस नाही अजून. सरकारी टँकर नुकताच येऊन गेलेला, हौदावर गर्दी. मामांची लेक लांबून येत होती, डोक्यावर दोन हंडे. म्हटलं, इथलं का भरत नाही?
"आमी मळ्यातल्या विहिरीवरून आणतो, साहेब. हितलं न्हाई भरत आता."
थांबली नाही. बायकांनी दोऱ्या खाली ठेवल्या, माझ्याकडे बघायला लागल्या. एका म्हातारीनं विचारलं, "काय काम काढलं, साहेब?"
म्हटलं, "त्या स्लॅबचं पाणी..." आणि तिथंच अडलो. सगळ्या थांबल्या होत्या, ऐकायला. मामांची लेक मात्र वळणावर पोचली होती.