रहाटणीच्या घाटावरचा खुंटा आणि पलीकडे अडकलेली नाव

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका हवेली, मुक्काम पुणे.

अर्जदार: चिमाजी मारुतराव नखाते, बी.एस्सी., राहणार रहाटणी.

विषय: पवना नदीवरील रहाटणी–पिंपरी नाव येत्या सोमवारपासून चालू होण्याबाबत.

संदर्भ: सुवेझ कालव्यासंबंधी वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्या, जुलै १९५६ पासून आजतागायत.

महोदय,

संदर्भ वाचून हा अर्ज चुकून आपल्या कचेरीत आला असे वाटेल. तसे नाही. कालवा इजिप्तमध्ये असला तरी त्याचा त्रास रहाटणीत होत आहे, आणि रहाटणी आपल्या तालुक्यात आहे.

१. मी पिंपरीच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेत उमेदवार म्हणून काम करतो. मधे पवना आहे. नदी उतरण्याची नाव पिंपरीचे हिंदुराव यांची. आमच्या काठावर नाव बांधण्याचा जो खुंटा आहे, तोही त्यांच्या आजोबांनी पुरलेला. म्हणजे बंदर आमचे आणि मालकी पलीकडची. याचा कोणालाही त्रास नव्हता. सुगीला घरटी धान्य द्यायचे आणि वर्षभर नावेत बसायचे, एवढाच व्यवहार होता.

२. रोज संध्याकाळी चावडीवर मी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. परक्या कंपनीच्या हातातला कालवा इजिप्तने आपल्या ताब्यात घेतला, ही बातमी मी जुलैअखेर वाचली, आणि कोणी विचारले म्हणून जमिनीवर नकाशाही काढला. सरपंच दौलतराव बराच वेळ नकाशाकडे पाहत होते. मग म्हणाले, “मंग आपल्या काठावर त्या हिंदुरावाचा खुटा का म्हनून?” दुसऱ्या दिवशी खुंट्याला हळदकुंकू लावून, नारळ फोडून तो गावाच्या मालकीचा झाल्याचे जाहीर करण्यात आले. कालवा आणि खुंटा यांतील फरक समजावण्याचा मी प्रयत्न केला, परंतु नारळ फुटल्यावर कोणी ऐकत नाही.

३. हिंदुरावांनी त्याच दिवशी नाव पिंपरीच्या काठाला ओढून बांधली आणि नदीपलीकडून ओरडून सांगितले, “खुटा तुमचा, तर नाव माजी. बसा त्या खुट्यावर आन् या वाहत.” तेव्हापासून आमच्याकडे नाव नसलेला खुंटा आहे व त्यांच्याकडे खुंटा नसलेली नाव आहे. काळेवाडीची नाव हिंदुरावांच्या मेहुण्याची असल्याने मित्रराष्ट्र या नात्याने तीही रहाटणीकरांना बंद आहे.

४. खुंट्यावर गावाने पहारा बसवला आहे. तो पळवायला आजवर कोणी आलेले नाही. गावातल्या शालनबाईंनी त्याला म्हैस बांधली, तेव्हा सार्वजनिक मालमत्तेचा गैरवापर म्हणून पंचायतीत चर्चा झाली. म्हशीने कोणाचेही न ऐकता तेथेच मुक्काम केला आहे. सध्या खुंट्याचा प्रत्यक्ष उपयोग एवढाच.

५. नावेवाचून अडू नये म्हणून गावाने स्वतःचे जहाज सुरू केले. ते म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची काहील. ती भिमाजी चालवतात, जे एरवी गूळ करतात. काहील गोल असून तिला ना पुढचे टोक ना सुकाणू. बांबूचा रेटा एका कडेला बसला की ती पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते. रेटा आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी द्यावा, असे मी सुचवले. भिमाजी म्हणाले, “चिमाजी, काहील गोल हाय, गोलच फिरनार. तुज्या कालिजात चौकोनी फिरवीत व्हते का?” माझ्यासोबत दूध घेऊन जाणाऱ्या कौशल्याबाईंची गिऱ्हाइके दुधात लोण्याचे कण असल्याची तक्रार करतात. हे शास्त्राला धरून आहे की नाही, ते पाहण्याइतके डोके मला काहिलीत शांत ठेवता आलेले नाही.

६. कालव्यातून जहाजे नेणारे परके वाटाडे काम सोडून गेले, तरी तिथल्या लोकांनी जहाजे चालवून दाखवली, ही बातमी परवा वाचण्याचे मी टाळणार होतो. परंतु दौलतरावांनी मागितली. काहिलीच्या फेऱ्या वाढल्या आहेत.

७. पिंपरीच्या घाटावर हिंदुराव काहील लागू देत नाहीत. ती खाली धुणे धुण्याच्या जागेपलीकडे, गाळात लागते. आमच्या प्रयोगशाळेत बाहेरचा एक जंतू शिरला तरी औषधाचा सगळा घाणा फुकट जातो, आणि मी रोज गुडघ्यापर्यंत नदी घेऊन हजर होतो, तेही उशिरा. औंधच्या पुलावरून खडकी, दापोडी करत जाऊन पाहिले. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांबद्दल मला आता मनापासून सहानुभूती वाटते. पण पोचलो तेव्हा पाळी अर्धी संपली होती. कारखान्याच्या साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, “सोमवारी वेळेवर आणि कोरडे आलात, तर तुम्हाला कायम करू. नाहीतर तुमच्या जागी नदीच्या अलीकडचा माणूस घेऊ.” विज्ञान शिकून मला मिळालेली ही पहिली नोकरी आहे. गावात दुसरी अशी नाही. काहील आहे, पण ती भिमाजींकडे आहे.

८. दोन्ही पक्षांना मी भेटलो. खुंट्याबद्दल गावाने हिंदुरावांना काहीतरी द्यावे, तर दौलतराव म्हणतात, “आदी त्यानं नाव आनावी.” नाव आणावी, तर हिंदुराव म्हणतात, “आदी खुटा सोडावा.” दोघेही माझ्याशी अत्यंत प्रेमाने बोलतात व मी निघताना हातावर काहीतरी खायला ठेवतात.

९. सबब विनंती अशी की, खुंट्याच्या मालकीचा निकाल लागेपर्यंत नाव चालू ठेवण्याचा हुकूम व्हावा. ती खुंट्याला न बांधता, आमच्या काठावर सरकारी पडीक जमिनीत जी बाभूळ आहे तिला बांधावी. बाभळीवर आजतरी कोणाचा दावा नाही. हे कलम चावडीवर वाचले जाऊ नये, ही पोटविनंती.

१०. याच विषयावर आपणांकडे आणखी दोन अर्ज येतील, एक ग्रामस्थ रहाटणीतर्फे व एक हिंदुरावांतर्फे. तिन्हींचे अक्षर एकच दिसेल. नदीच्या दोन्ही काठांना अर्ज लिहून देणारा दुसरा कोणी नसल्याने तेही मीच लिहिले आहेत. हिंदुरावांनी तर त्या बदल्यात मला त्या दिवशी नावेतून घरी सोडले. दोन्ही अर्जांतील मुद्दे बिनतोड आहेत आणि दोन्ही मला पटतात. साहेबांनी ते सवडीने, हवे तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत विचारात घ्यावेत. हा तिसरा मात्र सोमवारच्या आत वाचावा.

आपला नम्र व सध्या अलीकडच्याच काठावर असलेला,
चिमाजी मारुतराव नखाते
रहाटणी, दि. २० सप्टेंबर १९५६

सोबत:
(१) नदी, दोन्ही घाट व बाभूळ यांचा नकाशा.
(२) काहिलीच्या मार्गाची आकृती. रेघ अनेक ठिकाणी स्वतःलाच छेदते. ती चूक नाही.