गव्हर्नरसाहेबांचा कावळा

६ जानेवारी
ऑफिसात खोकी भरली जातायत. साहेबांची दुसरी टर्म या महिन्यात संपतेय. आठ वर्षं इथे परदेशात, या राज्याच्या गव्हर्नरना आलेल्या पत्रांची उत्तरं मी लिहिली, खाली सही त्यांची. आता त्यांचं आत्मचरित्र. ते बोलतात, मी टाइप करते. आज बालपण: गायी, गोठा, दुधाच्या बरण्या. बाहेर बर्फ हळूहळू पडत होता.

८ जाने.
आज साहेबांच्या वडिलांच्या मृत्यूचं प्रकरण. डोळे मिटून म्हणाले, "दहाव्या दिवशी कुंपणावर पाव ठेवला. कावळा येईना."
हात थांबला माझा. तो कावळा माझा आहे! नागपूरचा, बाबांच्या दहाव्याचा. पाच वर्षांपूर्वी बर्फ उपसणाऱ्या गाडीचा एक ड्रायव्हर गेला. त्याच्या बायकोला साहेबांच्या वतीनं सांत्वनाचं पत्र लिहिताना, साहेबांच्या वडिलांचं म्हणून, मी बाबांचंच लिहून बसले. पिंडाचा पाव केला, घाटाचं कुंपण, एवढंच. साहेबांनी वाचलं, डोळे पुसले, सही केली. मग भाषणांतून सांगू लागले. मी खुळी, खूश व्हायचे.

९ जाने.
नवऱ्याला सांगितलं. समीर म्हणे, "अगं, सांगून टाक ना यार! पुढच्या शुक्रवारी ड्राफ्ट पब्लिशरकडे गेला की संपलं."
खरंय. छापलं की बाबा कायमचे त्यांचे. जीव तुटतो. पण साहेब खोटं बोलत नाहीयेत, त्यांना ते दिसतं. आणि हल्ली मलाही घाट आठवला की कुंपण दिसतं, बर्फ दिसतो. बाबा त्यात मफलर गुंडाळून उभे. त्यांना थंडी अजिबात सोसायची नाही.

१३ जाने.
हिय्या केला. "सर, त्या कावळ्याचं..."
"थांब, पुढचं राहिलंय. शेवटी मी म्हणालो, आईला एकटं ठेवणार नाही. तेव्हा आला तो."
शब्द न् शब्द माझ्या पत्रातला.
मग म्हणाले, "चार वर्षांपूर्वी म्हातारीला इथे आणलं, या बंगल्यात. माझ्या हातून सूप पीत गेली. शब्द दिला होता ना, अनघा."
तिचा वॉकर कॉरिडॉरमधून सरकायचा, आठवतंय. आई माझी नागपूरला, तिसऱ्या मजल्यावर, एकटी. विचारलं की "मी बरी आहे गं." कावळ्याचं सांगायचं सोडून दिलं. टाइप केलं.

१६ जाने., शुक्रवार
ड्राफ्ट मीच पाठवायचा. सकाळी आधी आईला फोन.
"आई, बाबांच्या दहाव्याला कावळा केव्हा शिवला, आठवतं?"
"न आठवायला काय झालं? किती ताटकळलो. मग तू हात जोडून काहीतरी पुटपुटलीस, आणि आला. काय म्हणाली होतीस गं तेव्हा?"
तेवढ्यात साहेब दारात. "गेला का ड्राफ्ट?"
त्यांना म्हटलं, पाचच मिनिटं. आईला म्हटलं, आवाज येत नाहीये, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.
आता दुपारचे तीन. ड्राफ्ट इथेच आहे. आईचे दोन मिस्ड कॉल.