आधी पाणी, मग बटण

मी, नेव्हिल आर्थर ट्रेगिअर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार बॅलरॅट, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवणारा, आता घरी बिअर करणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते. दुसऱ्यांची वाचताना त्यावरून माझी नजर सहज पुढे सरकायची, आज लिहिताना हात थांबला. डॉ. विक्रमसिंघे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात ‘आजमितीस’ असा शब्द आहे. तो त्यांनी मुद्दाम घातला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, बाग आणि गाडी माझी पत्नी मॉरीन हिला मिळावी. बिअर गार करताना नळीतून जे गरम पाणी वाहून जायचे, ते मी तिच्या कपड्यांच्या मशीनला जोडून दिले होते. तिच्या मते लग्नानंतरचे माझे हे एकमेव उपयोगी काम. ती जोडणी तिने ठेवावी किंवा काढून टाकावी, तिची मर्जी. शेडचा जळका भाग मात्र पाडून टाकावा. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो आणि ती भांडी घासताना तिकडे बघत नाही, हे मला दिसते.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक आणि माझी सुतारकामाची हत्यारे मुलगी जॅनेल हिला मिळावीत. त्याबरोबर गॅरेजमधल्या काळ्या शिसवीसारख्या फळ्याही. त्या पाळण्यासाठी आणल्या आहेत. जॅनेलला नोव्हेंबरमध्ये बाळ होणार आहे आणि ज्या पाळण्यात ती स्वतः निजली, मॉरीनच्या वडिलांनी केलेला, तो शेडच्या माळ्यावर होता. तो का उरला नाही, हे इथे लिहिणे भाग आहे.

हिवाळ्यात आमच्या नळाचे पाणी हात बधिर करते आणि पहाटेची वीज स्वस्त असते. म्हणून विजेवर बिअर करणारे आम्ही लोक आदल्या रात्री पातेले भरून, आत पाणी तापवायची विजेची कॉइल सोडून, टायमर लावून झोपतो. उठेपर्यंत पाणी जव भिजवण्याजोगे तापलेले असते. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, मी शेडमध्ये टायमर लावला. ऊब टिकावी म्हणून पातेल्याला लोकरी पांघरूण गुंडाळले, झाकण ठेवले. पाणीही भरले, पण ते कपडे भिजवायच्या टबात. नीट, जितके लागते तितकेच, वर फळी झाकून.

पहाटे कॉइल कोरड्या पातेल्यात लाल झाली. आधी पांघरुणाने पेट घेतला, मग भिंतीने, मग माळ्याने. बागेतली नळी गोठलेली होती. मॉरीन नाइटगाऊनवर धावली आणि माझी तयार झालेली काळी बिअर तिने बादल्यांनी आगीवर ओतली.

“तुझ्या बिअरचा आज पहिल्यांदा कोणाला उपयोग झाला,” ती म्हणाली. मी हसलो. मग तिने टबावरची फळी उचलली. “नेव्ह, हे तू भरलंस?”

मी नाही म्हणालो. मला खरोखरच आठवत नव्हते.

जॅनेल म्हणाली, “जाऊ दे बाबा. दुकानात मिळतात की चांगले पाळणे.” ही मुलगी बोलायला लागल्यापासून माझ्याशी भांडत आली आहे. तिचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि तो ऐकून मला तोंड लपवावेसे वाटले. पाळणा मी करायला घेतला आहे. करवत मॉरीन जवळ बसल्याशिवाय चालवत नाही. अर्धा राहिला तर तो जॅनेलने पुरा करून घ्यावा.

कलम तिसरे. मोठे स्टीलचे पातेले, जाळी, कापडी पिशवी आणि खोक्यातली नवी कॉइल आमच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळातील रोझलिन चिव्हर्स हिला मिळावी. कॉइल मॉरीनच्या कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे आहे. टायमर देता येत नाही, कारण मॉरीनने तो हातोडीने फोडला. रोझलिनने ध्यानात ठेवावे की कॉइल लांब आणि दुमडलेलीच हवी. आखूड कॉइल तेवढीच उष्णता थोड्या जागेतून बाहेर टाकते, मग जवाचा गोड काढा तिला चिकटतो आणि बिअरला करपल्या दुधाचा वास येतो. कॉइलवर पांढरा थर धरला की व्हिनेगरमध्ये भिजवावी. लागणार नाही ते पाणी तापवू नये. झाकण उघडून सारखे डोकावू नये. आणि आधी पाणी, मग बटण. हे मी मंडळात इतक्यांदा सांगितले आहे की माझी पाठ वळली की लोक माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.

कलम चौथे. डग्लस पास्को याला मी काहीही देत नाही.

डग आमच्या गल्लीतच राहतो. मंडळ त्याच्या गॅरेजात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जमते आणि तो गॅसवर बिअर करतो. आमचे या एका गोष्टीवरून कधीच पटलेले नाही.

“नेव्ह, लेका, तुझी बिअर प्यायली की गिझरला तोंड लावल्यासारखं वाटतं.”

“तुझ्या गॅसने आधी सगळं गॅरेज तापतं, डग. उरलंसुरलं पातेल्यात जातं.”

हे भांडण मिटवण्याची माझी इच्छा नाही. त्याला वगळण्याचे कारण वेगळे आहे आणि त्यासाठी मंडळातली एक रीत सांगावी लागेल.

ज्याने कोरडी कॉइल चालू करून जाळली, त्याच्या गळ्यात ती जळकी कॉइल सुतळीने बांधायची. ती घालून त्याने बैठक संपेपर्यंत बसायचे आणि सगळ्यांनी त्याला यथेच्छ चिडवायचे. बांधण्याचा मान माझा. रोझलिनच्या गळ्यात बांधली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, तरी मी सोडले नाही. मला त्या कामाची फार हौस होती.

ऑगस्टच्या बैठकीला मी माझी कॉइल पिशवीत घालून नेली आणि स्वतःच टेबलावर ठेवली. सुतळीही नेली होती. कोणी हात लावला नाही.

“वायरिंग जुनं झालं असेल रे,” कोणीतरी म्हणाले.

रोझलिनने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी डगकडे पाहिले. मला टोचण्याची संधी या माणसाने कधी सोडलेली नाही. त्याने माझा पेला भरला आणि म्हणाला, “मॉरीन बरी आहे ना?” मग कॉइल उचलून हळूच बाकाखाली ठेवली.

चूक करणाऱ्याला आम्ही चिडवतो, आजाऱ्याला चिडवत नाही. मला त्या संध्याकाळी घरी चालत यायची लाज वाटली. आगीची वाटली नव्हती इतकी. वर्गातल्या सगळ्यांना छडी बसते आणि एका पोराला मास्तर बाजूला बसवतात, ते पोर मी झालो होतो.

आता कलम चौथ्याचे कारण. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मला डगची सही हवी आहे. माझे मन ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहिले, ते त्यांचे काम आहे. डगने लिहिले तर मी विश्वास ठेवीन.

कलम पाचवे. जळकी कॉइल मी कोणाच्याही नावे करत नाही. ती माझी आहे. येत्या गुरुवारी बैठकीत, मी या कागदावर सही करण्यापूर्वी, रीतीप्रमाणे ती माझ्या गळ्यात बांधावी आणि कोणी मऊ बोलू नये. हे एकच कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आत्ता अमलात आणायचे आहे. मला ती कशासाठी बांधली आहे हे कळते आहे, तोवर.

स्थळ: पास्को यांचे गॅरेज, बॅलरॅट
दिनांक: गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४

(सही) नेव्हिल आर्थर ट्रेगिअर

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली.

साक्षीदार: (सही) बेरिल पास्को. कॉइल बांधायला माझे पती आधी तयार नव्हते. दोनदा अंगणात जाऊन आले.

साक्षीदार: (सही) डग्लस पास्को. नेव्हिलचे मन ठिकाणावर आहे. सही करताना कॉइल गळ्यात होती, मी बांधली. गाठ सैल बांधलीस म्हणून त्याने मला परत बांधायला लावली. आधी पाणी, मग बटण, गाढवा.