कोतवालाची टोपी

ता. ४ जानेवारी

चि. बाळ्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधी कान पकडते. तुझी भट्टी कशी आहे? काच ओतताना हात सांभाळ.

इथे आपल्या कोतवाल कुत्र्याचे कान बिघडलेत. कडांचे केस झडून खपल्या धरल्यात, आत लालबुंद झालंय आणि वास येतो. दिवसभर खाजवतो, मान झटकतो. परवा दवाखान्याच्या परिचारिकांचे पांढरे गणवेश शिवून ठेवले होते, त्यांवर रक्ताचे शिंतोडे उडाले. जनावरांच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत, कान पुसून उघडे आणि कोरडे ठेवा म्हणाले. मी मात्र त्याला फ्लॅनेलची दुहेरी टोपी शिवलीय, हनुवटीखाली नाडी. बघशील तर पोट धरून हसशील.

बाबांना ऐकू येईनासं झाल्यापासून दार कोतवालच ऐकतो आणि बाही ओढून त्यांना उठवतो. बाबा म्हणतात, माझे कान गेले ते गेले, याचे तरी सांभाळ.

बाकी ठीक. आठवण ठेव.
तुझी ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टोपीची हकिकत वाचून हसलो, मग घाबरलो. डॉक्टर म्हणतात उघडे ठेव, आणि तू दुहेरी फ्लॅनेल? तुला मोकळं कुत्रंसुद्धा बघवत नाही का गं? आधी ती टोपी काढ.

माझी बदली लांबच्या कारखान्यात झालीय. पुढची दोन वर्षं सुटी नाही. जाताना एक मार्चला दुपारी तासभर घरी डोकावेन. बाबांनाही तसं वेगळं कळवतोय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाळ्या

ता. १६ फेब्रुवारी

चि. बाळ्यास आशीर्वाद.

टोपी काढली नाही रे. गणवेशांची घाई होती. खरं सांगते, ती मी त्याच्या नाही, कापडाच्या काळजीने शिवली होती. पाच आठवडे वरून थेंब घालायचे आणि नाडी बांधायची. तो गप्प बसायचा, मला वाटायचं बरं वाटतंय. गेल्या सोमवारी नाडी सोडली तर अस्तर कानाला चिकटलेलं. आत सगळा पू. डॉक्टरांनी कान धुऊन तपासले. दोन्ही पडदे गेलेत, ऐकू येणं परत येणार नाही म्हणाले.

मी त्याच्यामागे पातेलं आपटलं. त्याने मान वळवली नाही. मग मी तिथेच बसून रडले.

बाबांना सांगायला तोंड नाही. ते अजून त्याच्या भरवशावर निवांत झोपतात. तू यायच्या दिवशी मीच स्टेशनावर येईन, म्हणजे दाराचा प्रश्न येणार नाही.

रागाव, पण पत्र टाक.
अभागी ताई

ता. २ मार्च

ती. ताईस, सा. न.

कारखान्याच्या ट्रकमध्ये जागा मिळाली म्हणून रेल्वेने आलोच नाही. तुला कळवायला वेळ नव्हता. तू काल स्टेशनावर किती वेळ उभी राहिलीस कोण जाणे.

दाराला आतून कडी होती आणि शेजारच्या घराला कुलूप. मी अर्धा तास दार वाजवलं. पुढे हात सुजेपर्यंत बडवलं. बाबा दारापासून चार हातांवर असावेत, कारण त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. ते कोतवालाला मोठ्याने सांगत होते की आज धाकटा येणार आहे, मी जागाच आहे, तरी दार वाजलं की बाही ओढ. थोड्या थोड्या वेळाने त्याला विचारत होते, आला का रे, आला का. मी बाहेरून आलो म्हणून ओरडत होतो.

ट्रकवाल्याने तीनदा हॉर्न दिला, मग निघालो. उंबऱ्याशी ठेवलेली काचेची बरणी मीच ओतलेली आहे, बाबांच्या औषधांना होईल.

तुझ्यावर राग नाही. पण बाबांना आजच सांग, म्हणजे ते त्याला विचारत बसणार नाहीत. मी दाराबाहेरूनच नमस्कार केला, तेवढा त्यांना पोचव.

तुझा बाळ्या