मोकळा ठेवलेला ठोका

सातारा, रविवार

प्रिय सिद्धू,

तुझं बोलावणं येऊन दोन महिने झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू तिकडं मला शिव्या घालत बसला असशील. घाल. फक्त माझं अक्षर एकाएकी सुधारलेलं बघून हसू नकोस. सध्या मी साताऱ्यात मायाकडं आहे, आणि लेकीच्या घरी बापाला वळण लागतंच.

तुमच्या 'सेव्हन लँटर्न्स' बँडला पन्नास वर्षं होणार, ज्या चर्चच्या हॉलमध्ये सुरुवात केलीत तिथंच शेवटचा कार्यक्रम, आणि शेवटच्या गाण्याचा पहिला ठोका आटपाडीच्या आप्पासोनं ढोलावर मारायचा! वाचून मी दिवसभर तरंगत होतो. पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढला. त्यात मी मेंढरू चोरताना सापडल्यासारखा दिसतो.

इथल्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. दुपारी बघत पडलो की हळूहळू त्याचा आपला माळ होतो. आपण पंधरा-सोळा वर्षांचे, बिरोबाची जत्रा, अंगभर भंडारा, गळ्यात ढोल. पहिला ठोका माझा, मग तुझा जबाब. तू घाईनं माझ्या ठोक्यावर हात टाकलास की माझा बाप ओरडायचा, "आरं, त्येची जागा सोड की!" सोडायला शिकलास. मग फौजेतून सुटून बर्मिंगहॅमच्या फाउंड्रीत लागलेल्या मामानं तुला नेलं. तिथं जमैकाहून आलेल्या घरांतली सहा पोरं भेटली आणि त्यांनी तुला ड्रमवर बसवलं.

तुमची पहिली रेकॉर्ड पोचली तेव्हा मी कुपवाडला लेथवर होतो. ऐकायला यंत्र कुठलं? सांगलीतल्या एका रेडिओवाल्याला चहा पाजून ती लावून घेतली. रेगे म्हणजे काय, आम्हाला काय कप्पाळ कळणार! पण गाणं असं डुलत चाललं होतं, जशी पोट भरलेली मेंढरं सांजच्याला माघारी येतात. लग्नाला महिना झालेली बनू कान देऊन ऐकत होती. एकदम म्हणाली, "आवं, ह्यात तुमचा ठोका तेवढा न्हाई." खरंच नव्हता. जिथं मी मारायचो, नेमका तिथं तू हात उचलून धरला होतास. पुढं तू लिहिलंस की रेगेची चालच तशी, पहिला ठोका मोकळा सोडतात. असेल बाबा. तुझ्या साथीदारांना वाटलं असेल, हा पोरगा किती लवकर शिकला. तू कुठं शिकलास ते मला ठाऊक होतं. मी त्या दुकानात सगळ्यांदेखत रडलो.

मग तुम्ही पॅरिसला वाजवलंत, हॉलंडला वाजवलंत, घरी कॅसेटी येत गेल्या. पुढं रेकॉर्ड कंपनीनं हात वर केले, चौघं पांगले, तरी उरलेले तुम्ही तिघं जुन्या व्हॅनमधून गावोगाव फिरत राहिलात. कधी न पाहिलेल्या मायदेशाची गाणी गात तुमचा गाणारा डेलरॉय देवाघरी गेला. आता मी कुणासाठी वाजवू, असं तू विचारलंस. गड्या, तुझी एकही कॅसेट मी नुसती ऐकली नाही. प्रत्येक गाण्यात माझा ठोका मी मांडीवर दिला. बनू हसायची. ती गेल्यावरही देत राहिलो.

आता खरं सांगतो. यंदाच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात उचलत नाही. हे पत्र माया लिहितेय आणि मधे मधे थांबतेय. मला येता येणार नाही, सिद्धू. हे सांगायला दोन महिने लागले. पण माझ्या जागी दुसरा कुणी ढोलवाला उभा करू नकोस. इतकी वर्षं ठेवलीस तशी ती जागा त्या दिवशीही मोकळीच ठेव. कार्यक्रम मोबाईलवर दिसेल असं माया म्हणते. तुमची दुपार असेल, आमची सांज. मी खिडकीशी बसलेला असेन. डावा हात अजून माझं ऐकतो.

तुझाच,
आप्पा

(ही सही तेवढी माझी, डाव्या हाताची. आता हस.)