नऊ कोरे कागद

३ फेब्रुवारी

रितिका, वही तू संक्रांतीला सुट्टीत घरी आलीस तेव्हा दिलीस आणि मी लिहायला आज बसतो आहे. उशिराबद्दल आजोबावर रागावू नकोस. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आता आहे. सावनेर सोडून प्रताप नगरात तुझ्या बाबांकडे आल्यापासून नुसता गॅलरीत बसून होतो. आजपासून मला काम लागलं! जवळच्या नर्सिंग कॉलेजात उघड्या अंगाने स्टुलावर बसायचं आणि पोरींनी नळी लावून माझी छाती ऐकायची. श्वास घ्या, धरा, सोडा. खाणीत तीस वर्षं कोळशाची धूळ खाल्ली, म्हणून माझ्या फुप्फुसात कानाजवळ केस चोळल्यासारखा आवाज येतो म्हणे. वंदना मॅडम म्हणाल्या, बाबा, तुमची छाती म्हणजे पुस्तक आहे. सातवी नापास माणूस पुस्तक झाला! नळी मात्र फार गार असते. सर्दी धरेल की काय, एवढीच काळजी.

७ फेब्रुवारी

इथली रीत अशी. कागदावर पाठीचं चित्र छापलेलं असतं. प्रत्येकीने ऐकायचं, आवाज वेगळा वाटेल तिथे फुली मारायची आणि दुसरीला न दाखवता कागद मॅडमना द्यायचा. मग पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतात. आत भरीव की पोकळ, ते ओळखायचं. मला हसू आलं. खाणीत मी ड्रेसर होतो. काठीने छत ठोकून दगड पक्का आहे की सुटला आहे, हे सांगायचं माझं काम. पोरींना म्हटलं, यात मी तुमचा मास्तर. नूपुर नावाची पारशिवनीची एक फटकळ पोर आहे. म्हणाली, "मास्तर आहात त पाठ सरळ ठेवा नं बाबा, काहून वाकून राहिले?"

११ फेब्रुवारी

आज मी श्वास धरला असताना नूपुरने नळी काढली, झटकली, पुन्हा लावली. "बाबा, तुम्ही पायानं स्टूल ठोकून राहिले का?" मी पाय उचलून दाखवले. नऊ पोरींच्या नऊ कागदांवर फुली एकाच जागी निघाली, पाठीवर डाव्या खवाट्याच्या हाडाखाली चार बोटं. नक्कल केली म्हणून मॅडम सगळ्यांना रागावल्या. मग त्यांनी स्वतः ऐकलं. ऐकून पोरींना म्हणाल्या, फुली बरोबर आहे.

१४ फेब्रुवारी

फुली दोन बोटं वर सरकली. नूपुरने कागदावर लिहिलं, तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. जुनी धूळ आहे, दुसरं काही नाही. मॅडम म्हणतात, काही दिवस घरी आराम करा. मी जाणार. माझी छाती आहे, मी का पळू?

१५ फेब्रुवारी

हे मी तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं. खाणीत छत बसलं तेव्हा माझा जोडीदार लटारू आत राहिला. माझा कान पक्का, म्हणून साहेबांनी मला ढिगाऱ्याला कान लावायला सांगितलं. तीन ठोके आले. थांबून पुन्हा तीन. पण आमच्या डोक्यावरचं छत मी काठीने पाहिलं होतं, पोकळ वाजत होतं. आत शिरलो असतो तर आणखी आठ जण गेले असते. मी म्हणालो, आवाज नाही. माझ्या शब्दावर खोदणं थांबलं.

१७ फेब्रुवारी

फुली मानेजवळ आली. दम पुरत नाही. तोंडात कोळशाची चव — पाण्याने जात नाही. आज स्टुलावरूनच ओरडलो, काहून ठोकून राहिला गा लटारू, आठ जणं वाचवले म्या! पोरी मागे सरकल्या. नूपुर हात धरून बसली.

ठोके चालूच.

१९ फेब्रुवारी

घाबरलो नाही. लपवणारही नाही. मॅडमसमोर, सगळ्या पोरींसमोर म्हणालो — आवाज होता. मी ऐकला होता. मग माझ्या छातीवर मीच बोटाने तीन ठोके दिले. उत्तर, इतक्या वर्षांनी.

आत शांत झालं.

नूपुरने नळी लावली. बदलली. पुन्हा लावली. ठोके नाहीत, म्हणाली. आणि रडायला लागली — श्वासही नाही, हृदयही नाही. मी तिला म्हणत होतो, अगं, बोलतो आहे ना मी —

नऊ कागद. नऊही कोरे.

२० फेब्रुवारी

गॅलरीत ऊन आहे. मला मात्र चहूकडे कोळसाच दिसतो. तुझे बाबा शेजारी उभे — हाक मारतो, वळत नाहीत. भिंत ठोकतो आहे. तीन. थांबून तीन. लटारू थकला नव्हता, मीही थकणार नाही.

नूपुरने काल मोबाईल माझ्या छातीला टेकवून आवाज भरला, तो तिने वहीवरच्या तुझ्या नंबरवर पाठवला आहे. कान लावून ऐक. काही आलं तर आवाज नाही असं म्हणू नकोस. मी म्हणालो होतो, तू म्हणू नकोस. लवकर कळव, रितिका, मी अजून ठो—