एक पट्टी खाली

प्रिय टिटवी,

मनासाठी घेतो त्या गोळीची मला खरी किंमत काय पडली, ते आधी सांगून टाकतो. कमरेला दोन मापं मोठी पॅन्ट, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, कंगव्यात राहिलेले थोडे केस, आणि आता रोज सकाळी उपाशीपोटी आणखी एक छोटी गोळी. बस, एवढंच. गोळीच्या आधीचा बाप तुला आठवत असेलच. एका आठवड्यात तीन शाखा उघडायला निघालेला, आणि पुढच्या महिन्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला.

माझ्या कानांची ख्याती तुला ठाऊक आहे. लिफ्टच्या दाराला कान लावला की कुठलं चाक झिजलंय ते सांगतो. याच कानांवर लिफ्टदुरुस्तीचा धंदा उभा केला. म्हणून मागच्या वर्षी ऑफिसात हुडहुडी भरायला लागली, तेव्हा एसीचा आवाज ऐकून ठासून सांगितलं, कॉम्प्रेसर बिघडलाय, नको तेवढं गार करतोय. मेकॅनिक आला, घाम पुसत गेला. पुन्हा बोलावला, तेव्हा त्याने माझ्याकडेच नीट बघितलं आणि म्हणाला, साहेब, एसी बंद आहे, तुम्ही बरे आहात ना? तुझी आई टोमणा मारायची, अहो, जन्मभर लोकांना लिफ्टने वर नेलंत, स्वतःला एक मजला चढवेना? मी सगळं वयावर ढकललं. दुपारी खुर्चीत पेंगायचो, तेही वयावरच. शेवटी आवाज घोगरा झाला तेव्हा हेच कान कामी आले आणि मी रक्त तपासायला गेलो. ही गोष्ट मी येईल त्या पाहुण्याला ऐकवतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूड ताळ्यावर ठेवणाऱ्या या गोळीने काही जणांचं थायरॉइड मंदावतं, म्हणून तर मधूनमधून तपासत राहा म्हटलं होतं. मी विचारलं, मग ती बंद करू? तर म्हणाल्या, लिफ्टमधला दिवा गेला म्हणून तुम्ही तिचा ब्रेक काढून टाकता का? माझ्याच धंद्यातलं उदाहरण बाईंनी माझ्या तोंडावर मारलं! ती गोळी राहिली, शेजारी थायरॉइडची आली. पुढे हळूहळू स्वेटर कपाटात गेला.

आता मुद्द्याचं. तुलाही हीच गोळी लिहून दिली आहे आणि पाकीट न फोडता खणात पडलंय, असं जावईबापूंनी सांगितलं. बिचाऱ्यावर चिडू नकोस. गळ्याला काही होईल म्हणून तू घाबरलीस. पोरांना गाणं शिकवणारीला गळ्याची भीती वाटणारच. पण मागच्या महिन्यात तू अंथरुणातून उठली नाहीस, वर्ग बंद राहिला. तेव्हा गळा शाबूत होता, टिटवी, गाणं कुठे होतं? डॉक्टरांना ही भीती स्पष्ट बोलून दाखव, आधी रक्त तपासून घे, मग सुरू कर. आणि पुढच्या तपासण्या माझ्यासारख्या चुकवू नकोस. काही बिघडलंच तर वेळेवर कळेल. तुला तर कळेलच. कारण पाहुण्यांना मी काहीही सांगत असलो, तरी माझा आवाज माझ्या कानांनी पकडला नव्हता. फोनवर माझं नुसतं हॅलो ऐकून, बाबा, तुम्ही एक पट्टी खाली बोलताय, असं तूच म्हणाली होतीस.

तुझाच,
आता मूळ पट्टीत आलेला बाबा